मुलांचे स्वावलंबन : घर हीच पहिली पेढी

व्यापारी माणसास मुलांच्या भवितव्याची चिंता नसते, असे कोणी म्हणू नये. किंबहुना त्याचा सारा खटाटोप मुलांसाठीच चाललेला असतो. आपल्यामागे मुलांना काय काय मिळेल, याची यादी प्रत्येक व्यापाऱ्याच्या मनात तयार असते : दुकान, घर, गुदाम, बाजारातील पत आणि चार पिढ्यांचे नाव. परंतु त्या मुलांना काय काय करता येईल, याची यादी फार थोड्यांजवळ असते. मालमत्ता कागदावर लिहून वारसाच्या नावे करता येते. हाताचे कसब तसे करता येत नाही. ते ज्याचे त्यालाच कमवावे लागते, आणि ते कमविण्याचे वय एकदा निघून गेले की पुढे शिकणे अवघड जाते. या वर्षीच्या स्मरणिकेत व्यापाराच्या चढउतारांबरोबरच या घरगुती विषयाचाही विचार व्हावा, या हेतूने आम्ही हा लेख सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

ज्या नारायणगुड्यात आपल्यापैकी अनेकांची घरे आहेत, ती वस्तीच मुळी विद्येची वस्ती आहे. परभणीकडील न्यायमूर्ती केशवराव कोरटकर यांच्या स्मरणार्थ १९४० साली येथे केशव स्मारक शिक्षणसंस्था उभी राहिली. त्याआधी १९२८ साली माडपाटी हनुमंतराव यांनी तेलुगू मुलींसाठी शाळा काढली. निजामी राजवटीत तेलुगू माध्यमाच्या शाळेस राजमान्यता मिळेना, तेव्हा त्या शाळेने पुण्याच्या महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठाशी नाते जोडले. तेलुगू मुलींच्या शिक्षणास मराठी माणसाच्या विद्यापीठाचा आधार मिळावा, ही गोष्ट आम्हां हैदराबादकर मराठी भाषिकांस भूषणावह वाटते. आजही या परिसरात महाविद्यालये, शिकवणीवर्ग आणि विद्यार्थ्यांची वसतिगृहे गजबजलेली दिसतात. गावोगावची मुले येथे येऊन एका खोलीत चौघे राहतात, आपले कपडे आपण धुतात, गॅसच्या लहान शेगडीवर भात शिजवितात आणि महिन्याचा खर्च बोटांवर मोजून चालवितात.

त्याच गल्लीत आपलीही मुले वाढत आहेत. त्यांना उत्तम शाळा आहे, गुणही उत्तम आहेत. परंतु पाण्याचा पेला हातात आणून द्यावा लागतो, दप्तर आई भरते, बूट नोकर पुसतो आणि शाळेच्या दारापर्यंत गाडी जाते. बारावीनंतर हीच मुले पुणे, मुंबई, बंगळूर अशा शहरांत शिकावयास जातात, आणि पहिल्या दोन महिन्यांतच घरी फोन येऊ लागतात. अभ्यास जड गेला अशी तक्रार त्यांत सहसा नसते. कपडे कसे धुवावेत, ताप आला तर काय करावे, पैसे महिनाअखेर का पुरत नाहीत, खोलीतील सोबत्याशी कसे जमवून घ्यावे, असेच प्रश्न असतात. गणितात पैकीच्या पैकी गुण मिळविणारा मुलगा खिचडीत पाणी किती घालावे या प्रश्नापुढे हतबल होतो. हा दोष मुलाचा मानणे अन्यायाचे होईल. ज्याला कधी पाण्यात उतरू दिले नाही, तो बुडाला म्हणून त्याला दोष कसा द्यावा?

धर्माची शिकवण आणि घरातील काम

आपल्या धर्माकडे पाहिले तर स्वावलंबनाचा उपदेश आपणांस उसना आणावा लागत नाही. ‘श्रमण’ या शब्दातच श्रम आहे. भगवान महावीरांच्या साधनाकाळातील एक कथा परंपरेने सांगितली जाते. एका गुराख्याने त्यांना त्रास दिला असता इंद्राने सेवेस राहून रक्षण करण्याची इच्छा दर्शविली, आणि भगवंतांनी ती नाकारली. दुसऱ्याच्या आधाराने कोणी अर्हंत झाला नाही, स्वतःच्या पुरुषार्थानेच ते पद मिळते, असा त्या नकाराचा आशय आहे. जेथे इंद्राची सेवा नाकारली गेली, तेथे आपण आपल्या दहा वर्षांच्या मुलास ताटावरून उठल्यावर ताट उचलू देत नाही, हा विरोध विचार करावयास लावणारा आहे.

मुनिधर्मातील पाच समितींत आदान-निक्षेपण समिती सांगितली आहे. वस्तू उचलताना आणि ठेवताना पाहून, जपून, कोणत्याही जीवास इजा न होईल अशा रीतीने उचलावी व ठेवावी, हा तिचा अर्थ. मुनींचे आचरण मुलांकडून अपेक्षिता येत नाही हे खरे. तथापि तिच्यातील दक्षतेचा अंश घरात शिकविता येतो. जो मुलगा पाट, भांडे, वही, खुर्ची जपून उचलतो व जागेवर ठेवतो, त्याच्या हातून पुढे दुकानातील मालाचीही नासाडी होत नाही. पाणी गाळून घेणे, धान्य निवडणे, सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणे या आपल्या घरांतील जुन्या रीतीही अशाच आहेत. गाळणे नीट दुमडून धरणे, तांदळातील खडा ओळखणे, घड्याळाकडे पाहून आपले काम वेळेत उरकणे हे सारे शिक्षणच आहे. आपण मुलांना या रीतींचे फळ देतो. कृती मात्र आजीकडे किंवा स्वयंपाकिणीकडे राहते. कृती मुलांच्या हाती गेली तर धर्म आणि व्यवहार एकाच वेळी शिकविले जातील.

गेल्या शतकात मारिया माँटेसरी या इटालियन विदुषीने हेच तत्त्व वेगळ्या भाषेत मांडले. १९०७ साली रोममधील गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. तेथे लहान मुले पाणी ओतणे, टेबल पुसणे, बटणे लावणे, वस्तू आवाज न करता उचलून नेणे अशी कामे मनापासून करीत. १९३९ साली त्या मद्रासजवळ अड्यार येथे आल्या आणि युद्धामुळे अनेक वर्षे भारतातच राहिल्या. मुलास जे स्वतः करता येते ते आपण करून देणे म्हणजे त्याची वाट अडविणे, असे त्यांच्या शिकवणीचे सार सांगता येईल.

महाराष्ट्रात हा विचार ताराबाई मोडक यांनी रुजविला. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केल्यावर त्यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या, आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर ते काम वाढले. परदेशी साधने महाग म्हणून त्यांनी शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने केली. मुले शाळेत येत ना, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली आणि तिला अंगणवाडी म्हटले. नखे काढणे, केस विंचरणे, हातपाय धुणे हा त्या शाळेचा पहिला धडा असे. ज्या गोष्टी त्यांनी दरिद्री आदिवासी पाड्यात साधल्या, त्या आपल्या सुस्थितीतील घरांत साधू नयेत याला कारण साधनांची उणीव असू शकत नाही.

कर्मवीरांचा दाखला

स्वावलंबनाचा सर्वांत मोठा दाखला तर आपल्याच समाजाने दिला आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ साली कोल्हापूरकडील कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. १९१९ साली कऱ्हाडजवळील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, स्वतः स्वयंपाक करीत, झाडलोट करीत, शेतात राबत आणि शिकत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. ‘कमवा आणि शिका’ ही कर्मवीरांची योजना पुढे महाराष्ट्रभर गेली. वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरील दागिने, अखेर मंगळसूत्रदेखील विकले, ही हकीकत अनेकांस ठाऊक आहे.

कर्मवीरांच्या मुलांस काम करावे लागे ते गरिबीमुळे, आपल्या मुलांस तशी गरज काय, असा आक्षेप कोणी घेईल. आमचे म्हणणे असे की, गरिबाच्या मुलास परिस्थितीच शिकविते. श्रीमंताच्या मुलास शिकविणारे आईबापांवाचून दुसरे कोणी नसते. म्हणूनच संपन्न घराची जबाबदारी अधिक आहे. शिवाय ज्या मुलाने स्वतः कधी झाडू हाती घेतला नाही, त्याला झाडणाऱ्या माणसाच्या श्रमाचे मोल कळत नाही. तोच उद्या मालक होऊन गुमास्त्यांवर आणि हमालांवर हुकूम चालवू लागला, म्हणजे पेढीचे कसे होते हे अनुभवी व्यापाऱ्यांस आम्ही सांगावयास नको.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ या पुस्तकात पत्रावळ लावण्याचा प्रसंग आहे. काम जमत नाही म्हणून मुलाची सुटका होत नाही. ते त्याला शिकावेच लागते. माया आणि शिस्त ही दोन्ही एकाच घरात नांदू शकतात, याचे ते सुंदर उदाहरण होय.

वयपरत्वे काय शिकवावे

उपदेश पुष्कळ झाला. आता कृतीकडे वळू. तीन ते सहा वर्षांच्या मुलास लहान तांब्यातून पेल्यात पाणी ओतणे, रुमालाची घडी घालणे, चपला जोडीने ठेवणे, मूग आणि मटकी वेगळी करणे ही कामे द्यावीत. पाणी सांडेल, त्यास फडके दाखवावे, रागे भरू नये. सहा ते नऊ या वयात स्वतः स्नान करणे, अंथरूण घालणे व काढणे, दप्तर भरणे, शाळेतून आल्यावर डबा घासणे ही कामे मुलाचीच समजावीत. नऊ ते बारा या वयात वाण्याकडून सामान आणणे, वजन व भाव पडताळणे, उरलेले पैसे मोजून घेणे, भाजी ताजी की शिळी ओळखणे हे यावे. बारा ते पंधरा या वयात वरण-भात, खिचडी, पोळी, चहा करता यावा; गॅसचा खटका बंद करणे, विजेचा मुख्य खटका कोठे आहे हे ओळखणे, जखम धुऊन पट्टी बांधणे यावे. पुढे अठरापर्यंत एकट्याने प्रवास करणे, रेल्वेचे तिकीट काढणे, बँकेत जाणे, दवाखान्यात आजीला घेऊन जाणे, घरी आलेल्या पाहुण्याचे आदरातिथ्य करणे ही कामे सोपवावीत.

प्रवासाचेच उदाहरण घ्या. ७ फेब्रुवारी २०२० रोजी आपल्या नारायणगुड्यातून मेट्रो धावू लागली. एका बाजूचे लगतचे स्थानक सुलतान बाजार, दुसऱ्या बाजूचे चिक्कडपल्ली. तेरा-चौदा वर्षांच्या मुलास प्रथम बरोबर घेऊन जावे व सारे दाखवावे. दुसऱ्या वेळी तोच पुढे चालेल, तिकीट तोच काढील, आपण मागे राहावे. तिसऱ्या वेळी त्याने एकट्याने जावे व सुलतान बाजाराच्या स्थानकावर घरातील कोणी त्याची वाट पाहावी. असे पायरीपायरीने केले की भीतीही जाते आणि धोकाही उरत नाही. प्रथम दाखवावे, मग बरोबर करावे, मग पाहत राहावे आणि शेवटी बाजूस व्हावे, हा क्रम स्वयंपाकापासून हिशेबापर्यंत सर्वत्र लागू पडतो. नव्या गुमास्त्यास आपण पेढीवर असेच तयार करतो. मग स्वतःच्या मुलाच्या बाबतीत एवढा धीर का धरू नये?

पैशाची ओळख

व्यापाऱ्याच्या मुलास पैशाची ओळख नसावी, याहून मोठे नवल ते कोणते? तरीही आज ते घडत आहे. पूर्वी दुकानाच्या पायरीवर बसलेल्या मुलास पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी तोंडपाठ असत. आपल्या हैदराबादेत तर आणखी एक परीक्षा असे. निजामाचा हाली शिक्का आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा कलदार रुपया अशी दोन नाणी बाजारात चालत, आणि हाली सात रुपये म्हणजे कलदार सहा, हा हिशेब पोरासोरांना उभ्या उभ्या करता येई. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि हिशेब सोपा झाला, हे इष्टच झाले. आता तर मोबाईल फोन दाखविला की पैसे चुकते होतात. नाणे हातातून जाताना जे थोडे दुःख व्हावयाचे तेही होत नाही. मुलास वाटते, फोनमध्ये पैसे असतातच.

यास उपाय जुनाच आहे, तो म्हणजे कीर्द. दहा वर्षांच्या मुलास आठवड्यास ठरावीक रक्कम द्यावी आणि एक लहान वही द्यावी. समजा, शंभर रुपये दिले. त्याने जमेच्या बाजूस शंभर लिहावेत. वही तीस, भेळ चाळीस, मित्राच्या वाढदिवसाची भेट वीस, असे नावे लिहावे. शिल्लक दहा. रविवारी वडिलांनी दहा मिनिटे बसून ती वही पाहावी. हिशेब जुळतो की नाही एवढेच पाहावे. भेळ का खाल्ली याची झडती घेऊ नये. पैसे बुधवारीच संपले तर शनिवारपर्यंत थांबू द्यावे, मध्येच गुपचूप नोट देऊ नये. दहा रुपयांची तूट लहानपणी सोसली तर दहा लाखांची तूट मोठेपणी टळण्याचा संभव असतो. रिझर्व्ह बँकेने २०१४ साली दहा वर्षांवरील मुलांस स्वतः चालविता येईल असे बचत खाते उघडण्याची वाट मोकळी केली आहे. पाच-सहा महिने वही नीट ठेवली की मुलास बँकेत घेऊन जावे आणि फॉर्म त्यालाच भरू द्यावा.

काही मर्यादा

स्वावलंबन म्हणजे मोकाट सोडणे नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती स्कूटरची किल्ली देऊन ‘आमचा मुलगा हुशार झाला’ असे म्हणणारे पालक आपल्यातही आहेत. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. परंतु दंडापेक्षा मुलाचा जीव मोलाचा आहे. किल्लीपूर्वी रस्ता पायी ओलांडण्याची कला येऊ द्यावी.

तसेच, शिक्षणाच्या नावाखाली मुलास दुकानात राबविणेही योग्य नव्हे. चौदा वर्षांखालील मुलास कामास ठेवण्यास कायद्याची मनाई आहे. २०१६ च्या दुरुस्तीने कुटुंबाच्या व्यवसायात शाळेच्या वेळेबाहेर किंवा सुटीत, धोका नसलेली मदत करण्यापुरतीच मुभा ठेवली आहे. सुटीत तासभर गल्ल्याजवळ बसून गिऱ्हाइकाशी कसे बोलावे हे पाहणे म्हणजे शिक्षण. शाळा बुडवून पोती मोजणे म्हणजे अन्याय.

आणखी एक मर्यादा आपल्या मनाची आहे, आणि ती ओलांडण्याजोगी आहे. घरकाम मुलीचे आणि हिशेब मुलाचा, ही वाटणी आता सोडली पाहिजे. महर्षी कर्वे यांनी १९१६ साली स्थापिलेल्या ज्या महिला विद्यापीठाचा उल्लेख वर आला, त्यास सर विठ्ठलदास ठाकरसी या व्यापाऱ्याने १९२० साली पंधरा लाखांची देणगी दिली. स्त्रियांनी शिकावे यासाठी एका व्यापाऱ्याने थैली मोकळी केली, मग आपण घरातील कन्येच्या हाती कीर्दीची वही देण्यास का कचरावे? आणि भावाने पोळी लाटली तर त्याच्या पौरुषास उणेपणा येतो असे का मानावे? पोट दोघांनाही आहे आणि व्यवहारही दोघांनाच करावयाचा आहे. बहीण ताटे वाढीत आहे आणि भाऊ पंख्याखाली बसून पाणी मागत आहे, हे दृश्य ज्या घरात रोज दिसते, त्या घरातील मुलगा पुढे पत्नीस आणि नोकरास सारख्याच नजरेने पाहू लागला तर आश्चर्य मानण्याचे कारण नाही.

माताभगिनींस आम्ही विनंती करू इच्छितो की, काम स्वतः करणे सोपे आणि मुलाकडून करवून घेणे कठीण, हे आम्हांस मान्य आहे. सकाळच्या घाईत पाच मिनिटांचे काम वीस मिनिटे लागते. म्हणून आरंभ रविवारी किंवा सुटीत करावा आणि एका वेळी एकच काम द्यावे. मुलाने घातलेली वाकडी घडी त्याच्यादेखत पुन्हा सरळ करू नये. त्याने केलेली कच्ची-पक्की खिचडी सर्वांनी बसून खावी. पितृवर्गास विनंती अशी की, हे सारे मातेवर टाकून पेढीवर निघून जाऊ नये. वडील आपले ताट स्वतः उचलू लागले की मुलास दुसरा उपदेश लागत नाही.

दिवाळीस आपण वहीपूजन करतो. भगवान महावीरांच्या निर्वाणाचा तो दिवस. त्यानंतर वीर निर्वाण संवताचे नवे वर्ष सुरू होते. येत्या दिवाळीस दुकानाच्या नव्या वहीशेजारी घरातील प्रत्येक मुलामुलीची एक लहान वही ठेवावी, असे आम्ही सुचवितो. तिच्या पहिल्या पानावर मुलाने आपल्या हाताने लिहावे की, या वर्षात मी अमुक तीन कामे शिकेन. पुढच्या दिवाळीस त्या पानाची बेरीज मांडावी. दुकानाच्या वहीत तेजीमंदी चालावयाचीच. या लहान वहीत जमेस आलेले मात्र कोणत्याही मंदीत बुडत नाही.